चुलीवरच्या माळ्यावरची पोथी : जतनाच्या नोंदी

१४ मे, कुडाळ

पोथी आज सकाळी ताब्यात आली. चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथेची, रामायणातल्या आख्यानाची. २१ पानं, दोन्ही बाजूंना चित्रं, म्हणजे ४२ चित्रं. पान साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, चित्रकथीचं गाव पिंगुळी, तिकडे करतात तसेच. घर ठाकर समाजातलं, गाव कुडाळपासून फार लांब नाही. घरात आबा, त्यांचा मुलगा आणि नातू. आबा अजून वीणेवर गातात, नातू चित्रं काढतो.

लाल बासनात वेखंडाच्या दोन पुरचुंड्या होत्या. वास केव्हाच उडालाय, पण त्या मी फेकणार नाही. वेगळ्या पाकिटात घालून पोथीबरोबरच ठेवल्या.

पावती दिली, दोघांच्या सह्या झाल्या. आबांनी एकच अट घातली : घट बसायच्या आधी पोथी घरी.

१६ मे

दोन दिवस नुसतं बघणं आणि लिहिणं. सरळ प्रकाशात फोटो, तिरप्या प्रकाशात फोटो, पाठपोट दोन्ही. तिरप्या प्रकाशात रंगाचे पापुद्रे कुठे उचललेत ते कळतं, एरवी डोळा फसतो.

काय काय दिसलं :

रंग मॅट, डिंकातले, पाण्याला लगेच विरघळणारे. लाल आणि पिवळा बऱ्यापैकी टिकलेत. हिरवा जिथे जिथे आहे तिथे कागद मागून तपकिरी पडलाय, तीन पानांवर तर आरपार चिरलाय. तांब्याच्या हिरव्याची ही जुनी खोड : रंगच कागदाला आतून खातो. चेहरे सगळे एका बाजूने, डोळे मोठे, मागे काही देखावा नाही. कडांना तेलाचे डाग, उजव्या खालच्या कोपऱ्यात सगळ्यात गडद. पान तिथेच धरून उलटतात.

आणि आधीच्या दुरुस्त्या. या पोथीचा अर्धा आजार त्यांच्यातच आहे. आठ पानांवर सेलोटेप. पाच पानांच्या चिरांवर वहीच्या कागदाच्या पट्ट्या, त्यांच्या खळीला हिरवट-निळी झाक. ते मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालत आले आहेत. कीड लागत नाही, ते खरंच. पण तांबं कागदात राहतं आणि कागद ठिसूळ होत जातो. लावणाऱ्याने प्रेमाने लावलंय, पट्टी काठोकाठ सरळ कापली आहे. हेही नोंदवहीत लिहिलं.

आणि पान १७. पूर्ण पान प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं, दोन्ही बाजूंनी, गरम रोलरमधून काढलेलं. त्यावर वेगळी नोंद करीन. आज हात लावावासा वाटला नाही.

२१ मे

आबांकडे जाऊन आले. पोथी कुठे ठेवायचे ते प्रत्यक्ष बघायचं होतं.

जुन्या घरात चुलीच्या वर माळा आहे. आडव्या बांबूंवर पेटी, खाली दिवसरात्र विस्तव. पिढ्यान् पिढ्या पोथी तिथेच. घर नवं बांधलं, गॅस आला, आणि पोथी लोखंडी कपाटात गेली. आबा म्हणाले, “चूल होती तवसर पोथयेक काय एक झाला नाय. गॅस इलो आणि बुरशी इली.”

मी त्यांचं म्हणणं तपासून बघितलं आणि मला ते पटलं. कागदावर बुरशी धरायला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकावी लागते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती ८५-९० च्या खाली क्वचित येते. चुलीच्या वरची हवा मात्र कोरडी, आणि धुरामुळे कसर-वाळवी लांब. काजळी बसली, पण पोथी टिकली. लोखंडी कपाटात रात्री पत्रा गार पडतो, आतली ओल त्यावर धरते, आणि दार बंद. मला बुरशी सापडली तीही सगळी कपाटाच्या मागच्या पत्र्याला टेकलेल्या पानांवर.

आम्ही संवर्धक कुठल्याही घरात गेलो की आधी ठेवण्याची जागा बदलायला सांगतो. इथे जागा बदलली तिथूनच आजार सुरू झाला.

२३ मे

रंग बसवायला, म्हणजे उचललेले पापुद्रे परत कागदाला धरवायला, काय वापरायचं हा प्रश्न. नेहमीचे दोन पर्याय जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीचा सरस. दोन्ही प्राण्यांपासूनचे, म्हणून काम सुरू करायच्या आधी आबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पोथी देवळात जातली. वशाट नको हां बाय.”

हे विचारायला मी कुठल्या वर्गात शिकले नाही. मुंबईच्या मॅडमनी एकदा सांगितलं होतं की वस्तू ज्यांची आहे त्यांच्या घरी पहिला चहा घ्यायचा आणि मगच डबा उघडायचा. त्या एवढंच सांगून दुसऱ्या विषयाकडे वळल्या होत्या.

जिलेटिनने मॅट रंगाला थोडी चकाकी येते, म्हणून तांत्रिक बाजूनेही मला फुनोरीच बरी वाटत होती. फुनोरी म्हणजे जपानी किनाऱ्यावरच्या तांबड्या समुद्रशेवाळाचा डिंक. पातळ, सौम्य, रंगाचा पोत न बिघडवणारा. शुद्ध केलेली मात्र फार महाग, आणि मागवली तर दीड-दोन महिने लागतात. लखनौच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडे उरलेली आहे, उद्या पोस्टात टाकतो. पैशाचा विषय त्याने काढू दिला नाही.

३० मे

फुनोरी आली. ५ ग्रॅम, छोट्या काचेच्या बाटलीत, सोबत चिठ्ठी : अर्धा टक्का द्रावणापासून सुरुवात कर, कोमट पाण्यात रात्रभर भिजव, आणि पहिला प्रयोग मी कुठे चुकलो होतो ते खाली लिहिलंय. खाली खरोखरच सात ओळी, कुठे चुकला, का चुकला, पुढच्या वेळी काय बदललं.

ही चिठ्ठी मी या नोंदवहीतच चिकटवते आहे. आमच्या व्यवसायाची खरी पुस्तकं ही आहेत. जुने कारागीर आपली कृती मुलालासुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नसत, कारण कृतीवरच पोट होतं. आमचं पोटही त्याच कामावर आहे, तरी काय केलं, कशाने केलं आणि काय बिघडलं हे लिहून ठेवायचं आणि मागेल त्याला द्यायचं, असं ठरवून घेतलेल्या माणसांचा हा समाज आहे. लंडनला १९५० मध्ये संवर्धकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, भारतात १९६६ मध्ये संघटना झाली, लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ ची. संस्था होण्याआधीही माणसं एकमेकांना पत्रं लिहीतच होती.

८ जून

पाऊस धरला. आर्द्रता बाहेर ९१ टक्के, खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र लावून ५८.

मेमध्ये ठरवलं होतं त्याप्रमाणे एकाही पानाला पूर्ण उपचार न करता आधी २१ च्या २१ पानांना आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या केल्या. सात पेट्या, प्रत्येकीत तीन पानं, प्रत्येकीला बाहेर कापडी मूठ. नातू मदतीला होता. त्याला वाटत होतं की मी काम टाळते आहे. त्याला म्हटलं, थांब, पावसाळा येऊ दे.

१५ जून ते २ जुलै

कोरडी सफाई. मऊ ब्रश, मेकअपचे स्पंज, बुरशी असलेली पानं सक्शनखाली, मास्क लावून. सेलोटेपची पट्टी कोमट स्पॅच्युलाने सुटते, खालचा चिकट थर क्रेप रबराने गोळा होतो. नारिंगी डाग कागदात मुरलाय, तो तसाच राहील. डाग काढायच्या नादात रंग जायला नको.

काजळीबद्दल दोन दिवस विचार केला. चेहऱ्यांवरून सैल काजळी झाडली, कारण ती आर्द्रता धरते. कागदात मुरलेला धुराचा रंग मात्र तसाच ठेवला. तेलाचे डागही. कोपऱ्यातला डाग म्हणजे पानं उलटणाऱ्या हातांची नोंद आहे. तो पुसला तर ही पोथी कुणी कधी गायलीच नाही असं दिसेल.

पाठीला पाठ चिकटवलेले दोन्ही कागद सुटे करायचे का, हे फोनवर दोघांनी विचारलं. सुटे केले तर सपाट होतील, चौकटीत लावता येतील. मी नाही म्हटलं. पान उलटणं हा गाण्याचाच भाग आहे. संग्रहालयातल्या पानांना वेगळा न्याय लागू शकतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं आहेत, ती बघूनच मी या कामाकडे वळले. पण ही पोथी संग्रहालयात जाणार नाही.

८ जुलै

पहाटे भंगसाळ नदीचं पाणी रस्त्यावर आलं. माझी कामाची खोली तळमजल्यावर. सात पेट्या, मुठी धरून, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या यादीच्या क्रमाने वरच्या मजल्यावर नेल्या. शेजारचे दोघे मदतीला. सगळं मिळून २५ मिनिटं. पाणी उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं.

पेट्या आधी का केल्या ते आता नातवाला सांगितलं. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं आणि कागद चिखलात गेले. देशोदेशीचे संवर्धक आणि शेकडो विद्यार्थी तिथे जाऊन राहिले. एवढ्या प्रचंड ढिगासमोर एकेक पुस्तक पूर्ण बरं करत बसलो तर बाकीची मरतात हे तिथे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. टप्प्याटप्प्याने जतन करायची पद्धत तिथल्या कामातून आकाराला आली : आधी सगळ्यांना पुरेसं संरक्षण, मग ज्याला खरी गरज आहे त्याला उपचार. आज आपली कागदाच्या कामाची बरीचशी पद्धत त्या चिखलातून आलेली आहे.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने दारावरची यादी ठळक अक्षरात पुन्हा लिहिली.

११ जुलै

वाईट दिवस. काल दुपारी वीज गेली ती आज संध्याकाळी आली. यंत्र बंद. खोलीत ८४ टक्के. पान ९ परवाच मोरचुदाची पट्टी काढून, दमट ब्लॉटरमध्ये, म्हणजे टिपकागदात, वजनाखाली सपाट व्हायला ठेवलं होतं. दर सहा तासांनी ब्लॉटर बदलायचे ते मी वीज नसताना मेणबत्तीच्या उजेडात एकदाच बदलले, आणि झोपले. सकाळी ब्लॉटरवर पांढरट ठिपके. पानाच्या वरच्या कडेलाही चार.

चूक माझी. वीज जाणं हे जुलैत कोकणात गृहीत धरायला हवं, आणि ओलसर काम एका वेळी एकाच पानाचं, जागरण करता येईल एवढंच घ्यायला हवं.

लगेच काय केलं : पान वेगळं काढलं, ब्लॉटर पिशवीत बंद करून बाहेर. पान झाकणाच्या हवाबंद डब्यात, तळाला सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, मध्ये जाळी. जेल ओलं होऊन हिरवं पडलं की वाळवायचं कशावर, कारण ओव्हनला वीज नाही. गॅसवर लोखंडी कढईत मंद आचेवर परतलं, नारिंगी होईपर्यंत. दिवसभरात तीन वेळा. संध्याकाळी डब्यात ५४ टक्के. बुरशीची वाढ थांबली. ठिपके वाळल्यावर ब्रशने आणि सक्शनने निघाले. कडेला चार फिकट खुणा राहिल्या, त्या राहतीलच. फोटो काढून ठेवले.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी पान कसं आहे ते विचारलं, मग मी काही खाल्लंय का ते.

१९ जुलै

पान १७.

लॅमिनेशन एका दुकानात केलेलं. आबांच्या मुलाने चांगल्या हेतूने करून आणलं होतं, पोथीचं सगळ्यात फाटलेलं पान वाचावं म्हणून. दुकानदारानेही काळजीपूर्वक केलंय. त्यांना दोष देण्याआधी हे आठवायला हवं की आमच्याच व्यवसायाने एके काळी लॅमिनेशन हाच सर्वोत्तम उपाय मानला होता. अमेरिकेत यंत्राने उष्णता देऊन, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वीज-यंत्र काही न लागता, सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म, पातळ टिश्यू आणि ॲसिटोनचा बोळा एवढ्यावर हाताने. हुशार पद्धत होती, जगभर गेली. आता जगभरचे संवर्धक तेच थर उलटे काढत बसलेत. ते निदान ॲसिटोनमध्ये विरघळतात. दुकानातलं प्लास्टिक रंगाच्या थरात वितळून बसलेलं असतं.

सहा जणांना विचारलं. चौघे म्हणाले हात लावू नकोस. एकाने द्रावकाची वाफ सुचवली. एकीने थंडीने ठिसूळ करून बघ म्हटलं, पण ते तिनेही केलेलं नव्हतं, आणि तसं तिने स्पष्ट सांगितलं.

मी खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे नुसती लाल किनार आहे, एक सेंटिमीटरवर वाफेचा प्रयोग केला. ४० मिनिटांनी प्लास्टिक मऊ पडलं, स्पॅच्युलाने उचललं. लाल रंग त्याच्याबरोबर उठला. सगळा.

थांबले. तो लाल ठसा असलेला प्लास्टिकचा तुकडा पाकिटात घालून पानाबरोबर ठेवला. काय द्रावक, किती वेळ, किती तापमान, सगळं लिहिलं. पान १७ तसंच राहील, वेगळ्या पेटीत, कारण प्लास्टिकच्या वासाचा भरवसा नाही. वीस-तीस वर्षांनी कुणाला तरी रस्ता सापडेल. माझा रस्ता कुठे बंद झाला हे त्यांना आधीच माहीत असलं म्हणजे त्यांचा एक सेंटिमीटर वाचेल.

आबांना सांगायला गेले. ते म्हणाले, “तां पान माझ्या आज्यान हातात घेतललां.” पुढे काही बोलले नाहीत. मीही बसून राहिले.

२ ते २८ ऑगस्ट

रंग बसवणं. फुनोरी अर्धा टक्का, सर्वात बारीक ब्रशने, भिंगाखाली, एका दिवसात तळहाताएवढा भाग. चिरांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, खळ होईल तितकी कोरडी. हिरव्या रंगाच्या जागी पाणी अजिबात नाही, कारण तांबं पाण्याबरोबर पसरतं. तिथे अल्कोहोलमध्ये विरघळणारी खळ.

२१ पैकी १९ पानं धरण्यालायक झाली. पान १७ वगळलं, पान ९ निरीक्षणाखाली.

३१ ऑगस्ट

पान १२ वर मारुतीच्या शेपटीचा दीड इंच तुकडा नाही. कागदच नाही. मी रंगछटा मिळवून कोरा जपानी कागद भरला, शेपूट काढली नाही. नातवाला हे पटेना. तो म्हणाला, ही आमची चित्रं आहेत, आमच्या घरात कोण ना कोण कायम काढत आलाय, मग मी का नाही?

रोमच्या संवर्धन संस्थेने ४० च्या दशकात यावर एक उत्तर काढलं होतं : गेलेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरायची. लांबून चित्र सलग दिसतं, जवळून कळतं की हे नवं. पण ते उत्तर ज्या चित्रांचे चित्रकार शतकांपूर्वी गेले त्यांच्यासाठी आहे. इथे चित्रकार माझ्यासमोर बसलाय, आणि त्याची रेघ माझ्यापेक्षा मोकळी आहे.

दोन फोन, एक लांबलचक वाद. गोव्यातली लाकडाचं काम करणारी मैत्रीण म्हणाली, देवळातल्या मूर्तीचा हात सुताराकडून नवा होतोच ना. मॅडम म्हणाल्या, हो, पण जुना हात आधी कुणीतरी मोजून-लिहून ठेवला पाहिजे. शेवटी असं ठरलं : मूळ पानावर कोरा भराव तसाच. नातू संपूर्ण पोथीची नवी प्रत काढतोय, तिच्यात शेपूट त्याची. आणि मूळ पानासाठी त्याने वेगळ्या पातळ कागदावर दीड इंच शेपूट काढून दिली, जी भरावावर ठेवता येते, उचलता येते. तिच्या मागे पेन्सिलने साल आणि त्याची सही.

हे बरोबर की चूक यावर आमच्या लोकांत अजून दोन मतं आहेत. मला ते बरोबर वाटतं.

१८ सप्टेंबर, मुंबई

चवथ आटोपून दोन दिवसांसाठी आले. आमच्या क्षेत्रातली तीसेक माणसं. मला पोथीवर बोलायचं होतं. मी सगळी चांगली पानं बाजूला ठेवली आणि पान ९ आणि पान १७ दाखवली, कढईसकट.

बोलून झाल्यावर खोलीत कुणी काही बोलेना. मग मागच्या रांगेतून एक निवृत्त गृहस्थ उठले. त्यांनी सांगितलं की उमेदीच्या काळात ते कपाटात खाली बल्ब लावून थायमॉल या बुरशी मारणाऱ्या रसायनाची धुरी देत, आठवड्याला शंभर कागद. तेव्हा सगळे तसंच करत. नंतर कळलं की कागद पिवळे पडतात आणि माणसाच्या छातीलाही ते बरं नाही. त्या कागदांची यादी त्यांनी घरी जपून ठेवली आहे, ती कुणाला तरी द्यायची होती. ती यादी लगेच दोघांनी मागून घेतली. मग कापडाचं काम करणारी एक जण उठली, मग आणखी एक. चहा गार झाला.

जेवताना पोटापाण्याचं बोलणं निघालं, ते निघतंच. आपल्याकडे संवर्धक म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. कामं निविदेने जातात आणि सगळ्यात कमी रकमेला मिळतात. रंगारी आणि संवर्धक एकाच यादीत बसतात. शिकलेली मुलं दोन वर्षांत दुसरीकडे जातात. यावर माझ्याकडे उपाय नाही, राग आहे. पण त्या टेबलावर बसलेल्यांपैकी कुणीही काम सोडणार नव्हतं, तेही मी बघितलं.

२९ सप्टेंबर

पोथी परत. बाइंडिंगच्या बाजूला जपानी कागदाच्या पट्ट्या लावून पानं सुटी उलटतील अशी केली. पेटी आता लाकडी, घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला, जमिनीपासून दोन फूट वर. आत सिलिका जेलची पिशवी आणि एक छोटं आर्द्रतामापक. आबांच्या सुनेला कढईत जेल परतायला शिकवलं. ती म्हणाली, रव्यासारखं. हो, पण ही कढई वेगळी ठेवायची, तिच्यात परत स्वयंपाक नाही.

हातमोजे दिले नाहीत. कागदाला सुती मोजे धोक्याचे, बोटांना स्पर्श कळत नाही आणि फाटतं. हात स्वच्छ धुऊन, कोरडे.

मी सुचवलं की नऊही रात्री नवी प्रत गावी. आबा म्हणाले, “पोथी नुसती बघूची नसता, आयकूची असता.” मग तडजोड अशी की पहिल्या रात्री मूळ, पुढे प्रत.

३ ऑक्टोबर, रात्री

देऊळ. आर्द्रता ८१. समई पानांपासून दोन हात लांब सरकवली, उजेडाला छोटा एलईडी. आबा मांडी घालून, समोर तिरप्या फळीवर पोथी, हातात वीणा. मुलगा हुडुक घेऊन, नातू टाळ. समोर चाळीसेक माणसं आणि बरीच पोरं.

पान १२ आलं तेव्हा नातवाने पोरांना दिसेल अशी शेपूट भरावावर ठेवली. पान १७ च्या जागी पान नव्हतं. आबांनी तो भाग पानाशिवाय, डोळे मिटून गायला, आणि मगच पान १८ उलटलं.

पोथी एक तास ४० मिनिटं उघडी होती. रात्रीच तपासली. रंग कुठे सुटलेला नाही. हिरवे भाग ठीक. पान ९ च्या खुणा वाढलेल्या नाहीत.

पान ५, उजवा खालचा कोपरा : तेलाचा नवा डाग, ३ मिलिमीटर. फोटो घेतला. काढायचा नाही.